बहिणाबाई चौधरी

सातपुड्याच्या पायथ्याशी यावल हे गाव आहे. तेथून दक्षिणेकडे निघाले, म्हणजे केळीच्या बागा आणि काळ्या कसदार मातीची शेते ओलांडीत आपण तापीवर येतो आणि तापी उतरून पुढे गेले की जळगाव लागते. नदी मध्ये आडवी असली, तरी दोन्ही तीरांवरच्या पुष्कळ गावांची बोली एक आहे. या बोलीत 'ळ' चा 'य' होतो, म्हणून जळगावचे जयगाव होते. 'ण' चा 'न' होतो, म्हणून पाण्याचे पानी होते. 'मला' आणि 'तुला' यांच्या ठिकाणी 'माले' आणि 'तुले' येतात. लेवा गणबोली असे तिचे नाव. शाळेत शिकलेल्या मुलास एके काळी ही बोली चारचौघांत बोलण्याचा संकोच वाटे. हिच्यात कोणी काव्य रचील आणि ते काव्य पुण्यामुंबईचे रसिक आदराने वाचतील, असे पाऊणशे वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते, तर त्यावर विश्वास बसला नसता. असे काव्य मात्र त्या वेळी रचले जात होते. ते जळगावातील एका घरात, पहाटेच्या अंधारात, जात्याच्या घरघरीबरोबर गाइले जात होते. ते रचणाऱ्या बाईस स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते.

त्या बाईंचे नाव बहिणाबाई चौधरी. तुकाराम महाराजांना गुरू मानणाऱ्या संत बहिणाबाई निराळ्या. त्या सतराव्या शतकात होऊन गेल्या. नावाच्या साम्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो, म्हणून हे येथेच सांगून ठेवलेले बरे.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली नागपंचमीच्या दिवशी जळगावजवळच्या असोदे या गावी झाला. त्यांचे वडील उखाजी महाजन आणि आई भीमाई. घमा, गना आणि घना हे तीन भाऊ आणि अहिल्या, सीता व तुळसा या तीन बहिणी, असे ते भरलेले शेतकरी घर होते. त्या काळी शेतकऱ्याच्या घरातील मुलीने शाळेत जावे, ही कल्पनाच कोणाच्या मनात येत नसे. मुलगी पाच-सहा वर्षांची झाली की धाकट्या भावंडास कडेवर घेई, आणखी थोडी मोठी झाली की शेण गोळा करी, पाणी भरी, आईबरोबर निंदणीस जाई. बहिणाबाईंचे बालपण याहून वेगळे नव्हते.

परंतु शाळेत न गेलेल्या मुलीचे कान उघडे असतात. गावच्या देवळात भजन होई, कीर्तन होई, रामायणातील कथा सांगितल्या जात. विठ्ठलाची भक्ती तर खानदेशच्या मातीत फार जुन्या काळापासून मुरलेली आहे. ज्ञानेश्वरांची धाकटी बहीण मुक्ताई हिची समाधी याच तापीच्या काठी मेहूण येथे आहे, आणि तापी व पूर्णा यांच्या संगमावर चांगदेवाचे देऊळ उभे आहे. आपल्याहून वयाने कितीतरी मोठ्या अशा चांगदेवास उपदेश करणारी एक मुलगी आपल्याच नदीच्या काठी विसावली आहे, ही गोष्ट या भागातील बायाबापड्यांस कोणी पुस्तकातून शिकविलेली नाही. ती ऐकतऐकतच त्या मोठ्या होतात. त्यातच अक्षय्य तृतीया येई. खानदेशात तिला आखाजी म्हणतात. झाडांना झोके बांधले जात, सासरी गेलेल्या मुली माहेरी परतत आणि दिवसभर गाणी चालत. पुढे बहिणाबाईंनी आखाजीवर स्वतः गाणे रचले. त्यातील झोके असोद्याच्या झाडांवरचे असावेत, असे वाटते.

१८९३ साली, तेरा वर्षांच्या असताना, त्यांचा विवाह जळगावच्या खंडेराव चौधरी यांचे चिरंजीव नथूजी यांच्याशी झाला. असोद्याहून जळगाव दोन कोसही नाही; परंतु सासर आणि माहेर यांमधील अंतर कोसांनी मोजण्याचे नसते. चौधरींचे घर मोठे होते. घरात माणसे पुष्कळ आणि शेतीही पुष्कळ. अशा घरात सुनेचा दिवस पहाटेच्या आधी सुरू होई. दळण, सडासारवण, पाणी, चूल, भाकरी, मग शेत. शेतातून परतल्यावर पुन्हा चूल. या कामांतून एकही दिवस सुटका नव्हती. ओला फाटा पेटता पेटत नाही आणि धुराने डोळे भरून येतात, हा प्रत्येक सुनेच्या वाट्याचा अनुभव. बहिणाबाईंनी त्या न पेटणाऱ्या चुलीवरही गाणे केले आहे.

दळणाविषयी मात्र थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण बहिणाबाईंच्या काव्याचा जन्म तेथे झाला. आजच्या मुलांनी जाते क्वचितच फिरविले असेल. खानदेशात त्याला घरोट म्हणतात. दगडाच्या दोन वाटोळ्या तळ्या एकीवर एक ठेवलेल्या असतात. खालची स्थिर असते, वरची फिरते. वरच्या तळीच्या मधोमध एक तोंड असते, त्यात मुठीमुठीने दाणे टाकावयाचे. कडेला लाकडी खुंटा असतो, तो धरून तळी गरगर फिरवावयाची, की दोन तळ्यांच्या मधून पीठ चहूकडे सांडू लागते. दगड गुळगुळीत झाला म्हणजे पीठ जाडेभरडे पडते. अशा वेळी त्याला पुन्हा टाकी लावून घ्यावी लागते. मोठ्या कुटुंबाचे रोजचे पीठ दळावयाचे म्हणजे दंड भरून येतात. कष्ट हलके व्हावेत म्हणून बायका ओव्या गात. जात्याच्या फेऱ्याला एक ठराविक लय असते, ओवीलाही असते. दोन्ही लयी एकमेकींत मिसळल्या, म्हणजे हात आपोआप फिरतात आणि दळण केव्हा संपले हे कळत नाही. एक बाई ओवी म्हणते, दुसरी तिच्यात भर घालते. ती कोणाची हे कोणी विचारीत नाही. महाराष्ट्रातील असंख्य स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या अशा ओव्या रचल्या आणि त्यांपैकी बहुतेकींची नावे कोणास ठाऊक नाहीत.

बहिणाबाई या परंपरेतल्याच. त्यांच्या गाण्यांची चाल ओवीची, भाषा घरातली आणि विषय हाताशी असलेले. तरीही त्यांची गाणी वाचताना एक फरक चटकन लक्षात येतो. इतरांच्या ओव्यांत माहेरचे सुख आणि सासरचे दुःख पुन्हा पुन्हा येते. बहिणाबाई तेथे थांबत नाहीत. समोरच्या वस्तूकडे त्या इतक्या बारकाईने पाहतात, की ती वस्तूच त्यांना काहीतरी सांगू लागते. झाडाला टांगलेले सुगरणीचे घरटे सर्वांनीच पाहिलेले असते. बहिणाबाईंना त्यात दिसते ते असे, की या कारागिराजवळ ना हात आहेत, ना हत्यार. आहे ती केवळ चोच, आणि तेवढ्यावर हा झुलता बंगला उभा राहिला आहे. पक्ष्यांचे अभ्यासक सांगतात, की ते घरटे प्रत्यक्षात नर विणतो. गाण्यात मात्र ती सुगरण आहे, आणि घर उभे करण्याचे कष्ट रोज पाहणाऱ्या बाईने तसे म्हणावे हे स्वाभाविकच आहे.

शेतीच्या कामांवरची त्यांची गाणी तर अशी आहेत, की ती वाचून एखाद्यास वर्षभराच्या शेतकामाचा क्रम सांगता येईल. पेरणी, कापणी, मळणी, उपणणी, मोट, पोळा, सर्व काही त्यांत आहे. उपणणीच्या वेळी खळ्यावर उंच उभे राहून धान्य वाऱ्यावर सोडावयाचे असते. दाणे खाली पडतात आणि भूस उडून जाते. पण वारा पडला म्हणजे काम अडते आणि माणूस आकाशाकडे पाहत उभा राहतो. बहिणाबाई अशा वेळी वाऱ्याला घरच्या माणसासारखी साद घालतात, त्याची मनधरणी करतात, त्याला लटकेच रागे भरतात. खळ्यात उभे राहून ज्याने वाट पाहिली नाही, त्याला हे सुचणार नाही. माणसाचे मन किती अनावर आहे हे सांगण्यासाठी अनेक पंडितांनी ग्रंथ लिहिले. बहिणाबाईंना त्यासाठी पिकात पुन्हा पुन्हा शिरणारे ओढाळ गुरू आठवते. ज्याच्या शेतात असे गुरू शिरले असेल, त्याला आणखी काही समजावून सांगावे लागत नाही.

त्यांच्या देवभक्तीचेही असेच आहे. जळगावात कार्तिकी एकादशीस श्रीरामाचा रथ निघतो. तो उत्सव सुरू करणाऱ्या अप्पा महाराजांवर आणि त्या रथावर बहिणाबाईंनी गाणे रचले आहे. विठ्ठलाच्या देवळावर त्यांची श्रद्धा होती. परंतु देव देवळापुरता आहे असे त्यांना वाटत नव्हते. जमिनीत पुरलेले बी फुटून वर येते आणि दोन कोवळी पाने उघडतात. त्या पानांत त्यांना भक्ताचे जोडलेले हात दिसले. कोठल्याही स्तोत्रकाराने हेवा करावा अशी ही कल्पना आहे. ती सुचली पेरणी झालेल्या रानात, निंदणीसाठी वाकलेल्या एका बाईला.

येथे दूरदेशीच्या एका स्त्रीची आठवण होते. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस रिडली हॅवरगल नावाची एक प्रसिद्ध स्तोत्रकार होऊन गेली. तिचा जन्म १८३६ सालचा. तिचे वडील धर्मोपदेशक होते आणि ते स्वतः चर्चमधील संगीताची रचना करीत. मुलीला त्यांनी उत्तम शिक्षण दिले. ती युरोपातील भाषा तर शिकलीच, पण बायबल मुळातून वाचता यावे म्हणून ग्रीक आणि हिब्रूही शिकली. तिची स्तोत्रे तिच्या हयातीतच छापली गेली आणि इंग्रजी बोलणाऱ्या देशांतील चर्चमधून गाइली जाऊ लागली. १८७९ साली ती वारली. त्याच्या दुसऱ्याच वर्षी असोद्यास बहिणाबाई जन्मल्या. या दोघींची तुलना करून कोण मोठी हे ठरविण्याचे कारण नाही. परंतु एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हॅवरगलबाईंनी ओळ रचली, की ती कागदावर उतरे आणि कागदावरून छापखान्यात जाई. बहिणाबाईंनी ओळ रचली, की ती दळण संपेपर्यंत जिवंत राही. दुसऱ्या दिवशी आठवली तर आठवली, नाहीतर गेली. अशी किती गाणी गेली असतील, याची मोजदाद करणे आता शक्य नाही.

बहिणाबाईंचा संसार सुखाचा राहिला नाही. १८९६ नंतर मुंबई इलाख्यात प्लेगच्या साथी वरचेवर येऊ लागल्या. त्यातच १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ झाला. साथ आली की लोक गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहात, आणि परत येत तेव्हा कित्येक घरांची दारे कायमची बंद झालेली असत. प्लेगला खानदेशी बोलीत पिलोक म्हणत. बहिणाबाईंच्या एका गाण्यात हा पिलोक आणि त्याच्या गाठी आल्या आहेत. त्यांच्या स्वतःच्या घरावरही या रोगाने हात टाकला. त्यांना ओंकार व सोपान हे दोन मुलगे आणि काशी ही मुलगी होती. ओंकारला प्लेग झाला. तो वाचला, पण कायमचा अपंग झाला.

याहून मोठा आघात पुढे झाला. बहिणाबाईंच्या वयाच्या तिसाव्या वर्षी नथूजी वारले. सोपान त्या वेळी अगदी लहान होता. त्या काळच्या समाजात तरुण विधवेची स्थिती काय असे, हे वेगळे सांगावयास नको. कपाळावरचे कुंकू जाई, हातातील बांगड्या जात आणि त्यांबरोबर घरातील स्थानही डळमळू लागे. एकत्र कुटुंब मोडले आणि भरल्या घराच्या जागी तीन लेकरे व एकटी आई एवढेच उरले. बहिणाबाईंनी या दुःखावर गाणे रचले आहे. ते रडके नाही. कुंकू पुसले गेले तरी कपाळावरचे गोंदण कोणाला पुसता येत नाही, आणि बांगड्या फुटल्या तरी मनगटातील बळ फुटत नाही, असा त्याचा आशय आहे. दारी हात पाहण्यास येणाऱ्या ज्योतिषासही त्यांनी एका गाण्यात परत पाठविले आहे. आपल्या हातावरच्या रेषांत काय आहे हे त्याच्याकडून ऐकण्याची त्यांना गरज वाटली नाही. ज्या हातांनी शेत नांगरून, दळून, रांधून तीन मुले वाढवावयाची आहेत, त्या हातांविषयी त्यांना अधिक माहिती होती.

हे गाणे वाचताना आपण एक गोष्ट विसरून जातो. ते रचले तेव्हा ते कोणास दाखवावयाचे नव्हते. आजची कवयित्री आपले दुःख लिहिते, तेव्हा कोठेतरी वाचक असतो, हे तिला ठाऊक असते. बहिणाबाईंसमोर जाते होते, चूल होती आणि झोपलेली मुले होती. म्हणूनच त्या गाण्यात आर्जव नाही आणि तक्रारही नाही. एक बाई स्वतःच्या जिवाला स्वतःच धीर देत आहे. तेवढेच त्यात आहे, आणि ते पुरेसे आहे.

त्यांच्या एका गाण्यात एक योगी आणि एक सासुरवाशीण यांचा संवाद आहे. सासरी राहून ही बाई सदा माहेराचे गुण का गाते, असे योगी विचारतो. त्यावर ती जे उत्तर देते, त्याने त्या विरक्ताचे तोंड बंद होते. ते उत्तर येथे देत नाही. प्रत्येकाने ते गाणे मिळवून वाचावे आणि शक्य असल्यास घरी आईला किंवा आजीला वाचून दाखवावे.

मुले मोठी होत होती. सोपान शाळेत जाऊ लागला. त्याला कवितेची गोडी लागली आणि पुढे तो सोपानदेव चौधरी या नावाने स्वतः कवी म्हणून प्रसिद्धीस आला. शाळेत असताना एके दिवशी तो सावित्री-सत्यवानाची गोष्ट घरी वाचीत होता. आईने ती कामे करता करता ऐकली. दुसऱ्या दिवशी पाहतो तो तिने त्या गोष्टीवर गाणे रचलेले! पुस्तकातील सावित्री आईच्या तोंडून खानदेशी बोलीत बोलत होती. आपली आई केवळ पाठ असलेल्या ओव्या म्हणत नाही, ती नव्या रचते, हे मुलाच्या ध्यानात आले. तो आईची गाणी टिपून ठेवू लागला. त्याचे मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनीही पुष्कळ गाणी लिहून घेतली. कामाच्या भरात गाणाऱ्या बाईची ओळ न अडविता टिपणे हे सोपे काम नाही. हात थांबले की गाणेही थांबते. आज जी गाणी आपल्या हाती आहेत, ती या दोघा भावांच्या चिकाटीमुळे आहेत.

स्वतः बहिणाबाईंना या रचनेचे फार कौतुक नव्हते. आपल्याला बोलणे शिकविणारी सरस्वती ही आपली माय आहे, असे त्यांनी एका गाण्यात सांगितले आहे. म्हणजे श्रेय त्या स्वतःकडे घेत नाहीत. अक्षरांविषयी मात्र त्यांना कुतूहल होते. जळगावात एक छापखाना होता. त्याचे यंत्र चालताना पाहून त्यांनी गाणे केले. कोरा कागद यंत्रात जातो आणि छापून शहाणा होऊन बाहेर येतो, आणि एवढे छापलेले वाचूनही माणूस मात्र होता तसाच वेडा राहतो, असे त्यांनी हसतहसत म्हटले आहे. निरक्षर बाईने साक्षरांची केलेली ही थट्टा आहे. त्यात द्वेष नाही, परंतु नेम मात्र अचूक आहे. पुढे एके दिवशी आपल्याच ओळी घेऊन कागद अशा यंत्रातून बाहेर पडेल, असे त्या वेळी त्यांच्या मनातही आले नसेल.

वयाची सत्तर वर्षे ओलांडल्यावर, ३ डिसेंबर १९५१ रोजी, बहिणाबाई जळगाव येथे वारल्या. त्या वेळी घरातील माणसे, शेजारी आणि काही परिचित यांखेरीज त्यांना कवयित्री म्हणून कोणी ओळखत नव्हते. एका शेतकरी घरातील वृद्ध बाई गेली, एवढीच ती घटना होती.

आईच्या गाण्यांच्या वह्या सोपानदेवांजवळ होत्या. त्या लोकांपुढे आणाव्यात की नाही, याविषयी त्यांचे मन कचरत होते. स्वतः कवी असल्यामुळे त्यांना साहित्याच्या जगाची रीत माहीत होती. खेड्यातील बोलीत, निरक्षर आईने, चुलीजात्याजवळ रचलेली गाणी तेथे कशी स्वीकारली जातील, ही शंका येणे स्वाभाविक होते. मुलगा आईचे कौतुक करतो, असेही लोकांनी म्हटले असते. शेवटी मनाचा निर्धार करून त्यांनी ती गाणी आचार्य प्रल्हाद केशव अत्रे यांना दाखविली. अत्रे हे त्या काळचे गाजलेले लेखक, नाटककार आणि संपादक. त्यांच्या लेखणीची धास्ती भल्याभल्यांना वाटे. कोणाची खोटी स्तुती करणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. अत्र्यांनी काही ओळी वाचल्या आणि ते थक्क झाले. हे बावनकशी सोने आहे आणि ते महाराष्ट्रापासून लपवून ठेवणे हा गुन्हा ठरेल, असे त्यांनी सोपानदेवांना सांगितले.

त्यानंतर मात्र विलंब झाला नाही. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्याला अत्र्यांनीच विस्तृत प्रस्तावना लिहिली. पहिल्या आवृत्तीत अवघी ३५ गाणी होती. पुढील आवृत्त्यांत त्यांत भर पडली. ज्यांना खानदेशी बोली कळत नव्हती, तेही अडखळत ती गाणी वाचू लागले आणि वाचतावाचता बोली कळू लागली. विद्वानांनी त्यांवर लेख लिहिले, शाळांच्या पुस्तकांत ती आली. १९६१ साली 'मानिनी' हा चित्रपट निघाला. त्यात बहिणाबाईंची गाणी घेतलेली होती. त्यामुळे वाचता न येणाऱ्यांच्या कानीही ती पोचली. एका अर्थाने ती आपल्या मूळच्या ठिकाणी परत गेली. कारण ती रचली होती ती कानांसाठीच.

खानदेशातील माणसांना याचा विशेष आनंद झाला असल्यास नवल नाही. ज्या शब्दांबद्दल मुलांना शाळेत टोकले जाई, तेच शब्द आता पुस्तकात छापलेले होते आणि गुरुजी त्यांचा अर्थ वर्गात समजावून सांगत होते. यावल, रावेर, भुसावळ, जळगाव या भागांतील आज्यांना तर अर्थ समजावून सांगण्याची गरजही नव्हती. त्यांच्यापैकी कितीतरी जणींनी त्याच लयीत, त्याच बोलीत जात्यावर गाइले होते. त्यांच्या ओव्या लिहून घेणारा कोणी सोपान त्यांच्या घरी नव्हता.

सोपानदेव चौधरी १९८२ साली वारले. १९९० साली जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले होते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. २०१८ साली त्या विद्यापीठास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. यावलच्या शेतकरी घरातील मुलगी पदवीधर होते, तेव्हा तिच्या पदवीपत्रावर हे नाव छापलेले असते.